तारामतीचं काम नाकारणारी बाई

गटाच्या सभेत एक प्रश्न आम्हा सहयोगिनींना हमखास ऐकू येतो. कुठल्याही गावाला जा, त्र्यंबकच्या बाजूला जा की दिंडोरीकडे, प्रश्न तोच. ताई, शेतात आम्हीच, घरात आम्हीच, गटात आम्हीच, ग्रामसभेला पण आम्हीच. दिवस तर चोवीस तासांचाच. मग जीव नेमका कशात लावायचा? आणि लावला तर किती दिवस लावायचा?

याचं तयार उत्तर आमच्याकडे नाही. पण याच प्रश्नाशी झगडलेल्या एका बाईची हकीकत आहे आणि तिचा संबंध आपल्या नाशिकशी आहे. नाव सरस्वतीबाई फाळके. दादासाहेब फाळके हे नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आपल्या कितीतरी जणी पोरांना घेऊन तिथं जाऊन आल्या असतील. भारतातला पहिला मोठा कथाचित्रपट काढणारा माणूस. पण त्या चित्रपटाच्या पट्टीला छिद्रं कोणी पाडली, हे विचारलं तर आपल्यातल्या किती जणी हात वर करतील?

आधी दादासाहेबांबद्दल थोडं. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. पुढं मुंबईत जे. जे. कला शाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळ्यात हात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथं प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. मुलीचं माहेरचं नाव गिरिजा, सासरी आल्यावर ती सरस्वती झाली. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी लागली. स्वदेशीचं वारं आलं तशी ती सोडली. मग छपाईचा धंदा. तो चांगला चालला, रंगीत छपाईची यंत्रं पाहायला जर्मनीलाही जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं आणि दादासाहेब बाहेर पडले. भागीदारीत बिनसणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथं थांबून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. छपाईत या माणसाचं नाव झालं होतं, हाताला काम येत होतं. त्याच भागीदारांच्या समोर दुसरा छापखाना टाकून भांडण चालू ठेवता आलं असतं. आपल्याकडं बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. दादासाहेब त्या वाटेला गेले नाहीत. छपाई सोडली ती सोडली. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. घरात मुलंबाळं, मिळकत नाही. बाईच्या बाजूनं पाहिलं तर हा काळ फार वाईट. नवरा रागानं धंदा सोडून घरी बसला आहे आणि उद्या चूल कशी पेटणार हे तिला माहीत नाही.

त्याच सुमारास मुंबईत गिरगावात तंबूतल्या पडद्यावर दादासाहेबांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढच्या खेळाला सरस्वतीबाईंना घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त हलतोय, चालतोय, आणि यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण. आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील? मग ध्यास लागला. रोज खेळ बघायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, जागरणं करायची. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. उपचार झाले, दिसायला लागलं, पुन्हा कामाला लागले.

आता पैसा. सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे, आणि तो विलायतेत मिळणार. कर्ज कोण देणार? सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं. तेव्हा दादासाहेबांनी जी युक्ती केली ती आम्हाला फार आवडते, कारण ती शेतकऱ्याच्या घरात पटकन समजते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला आणि रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपत गेले. महिनाभरापेक्षा जास्त काळ हे चाललं. मग ती पट्टी भरभर फिरवून दाखवली तर बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बी फुटून त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून तो छोटा चित्रपट ओळखला जातो. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी या ओळखीच्या गृहस्थांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. विम्याची पॉलिसी तारण ठेवून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा ठरवला, काम शिकले आणि एप्रिलमध्ये परत आले.

बँकेचा साहेब गटाच्या भेटीला येतो तेव्हा आपण काय करतो? योजना सांगतो, फाईल दाखवतो. पेठ-सुरगाण्याकडच्या आमच्या काही गटांनी मात्र साहेबासमोर नागलीचे पापड तळून ठेवले, मग बोलणं सुरू केलं. वाटाण्याची कुंडी ती हीच.

आणि आता येते सरस्वतीबाईंची बाजू.

विलायतेहून कच्ची फिल्म यायची ती कोरी असायची. तिच्या दोन्ही कडांना छिद्रं पाडावी लागत. कॅमेऱ्याचे दाते त्या छिद्रांत अडकतात आणि पट्टी पुढं सरकते. एक छिद्र जरा तिरकं गेलं की पडद्यावर चित्र उडी मारतं. शिवाय कच्च्या फिल्मला उजेड चालत नाही, त्यामुळं हे काम अंधारात नाहीतर अगदी मंद उजेडात करायचं. म्हणजे दिवसाची कामं उरकल्यावर, रात्री. दादासाहेबांनी बायकोला हे शिकवलं आणि तिनं ते शिकून घेतलं. आम्हाला गटाचे हिशेब करायची सवय, म्हणून याचाही हिशेब मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. एका चित्राला दोन्ही कडा मिळून ८ छिद्रं. १६ गुणिले ८ म्हणजे फुटाला १२८. त्याला ३,७०० नं गुणलं की ४ लाख ७३ हजार ६०० छिद्रं होतात. यंत्राच्या एका दाबात किती पडायची ते सोडा, प्रत्येक छिद्र जागच्या जागी पडलंच पाहिजे. आणि ही फक्त पडद्यावर दिसलेल्या पट्टीची मोजणी झाली. वाया गेलेली फिल्म वेगळी.

फिल्म धुवायची रसायनं कालवायला सरस्वतीबाई. उन्हात चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायला सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंचा. त्यांचे कपडे धुणं त्यांच्याकडं. आणि भांडवल कमी पडलं तेव्हा अंगावरचे दागिने त्यांचेच गेले.

दागिन्यांबद्दल आम्हाला जरा थांबून बोलायचं आहे. ही गोष्ट सांगताना लोक त्याग, पतिव्रता, सती सावित्री असे शब्द वापरतात. आम्ही ते वापरणार नाही. आपल्या जिल्ह्यात सोनं गहाण पडल्याशिवाय कांद्याची लागवड होत नाही आणि द्राक्षाची छाटणीही होत नाही. कोणाचं सोनं जातं? बाईचंच. पावती कोणाच्या नावावर असते, पीक आल्यावर आधी काय सुटतं, ट्रॅक्टरचा हप्ता की मंगळसूत्र, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तेव्हा नवऱ्याच्या ध्यासासाठी दागिने काढून द्या, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. सरस्वतीबाईंनी ते दिले आणि त्याबरोबर स्वतः त्या कामात उतरल्या. कामाची खडान्खडा माहिती असलेल्या भागीदारानं भांडवल घालावं तसं ते होतं. आपलं सोनं कशात चाललंय हे त्यांना कळत होतं, कारण रात्री ती पट्टी त्यांच्याच हातात असायची. आपल्या घरातून सोनं जातं तेव्हा ते कशात गेलं हे विचारायला तरी आपल्याला मिळतं का, हे प्रत्येकीनं आपल्यापुरतं बघावं.

आता मूळ मुद्दा. ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामती हवी. नट मिळाले, पण बाई मिळेना. तो काळ असा की नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. सिनेमात तोंड दाखवायचं म्हणजे बाईची अब्रू गेली, असं समजलं जाई. जाहिरात दिली, कोणी चांगल्या घरची आली नाही. नाचगाणं करणाऱ्या बायकांना विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. तेव्हा दादासाहेबांनी घरात विचारलं, की तूच हो तारामती.

सरस्वतीबाई नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं सांगतात, की मी नटायला उभी राहिले तर बाकीचं सगळं बघायचं कोणी?

बायांनो, या नकारावर आमच्यात बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, यात काय विशेष, लाज वाटली असेल. दुसरी म्हणाली, बघा, बाईनं पुन्हा चूलच निवडली. दोघींचं म्हणणं एकदम खोटं नाही. त्या काळच्या बाईवर लोकलाजेचं ओझं होतंच. पण आम्हाला वाटतं, त्यांचं कारण नीट ऐकलं पाहिजे. त्यांनी कामांची गणती केली. पडद्यावर उभं राहणारं माणूस शोधलं तर मिळेल. रात्री अंधारात छिद्रं पाडणारं, रसायनाचं माप जाणणारं, सत्तर ताटं वेळेवर वाढणारं माणूस या फाळक्यांना पगार देऊन मिळणार नाही. एकाच अंगात दोन्ही बसणार नाही. तेव्हा मानाचं काम सोडलं आणि ज्याच्यावाचून सगळं अडेल ते धरलं.

आणि झालंही तसंच. तारामती सापडली ग्रँट रोडच्या एका खानावळीत. साळुंके नावाचा स्वयंपाकी, नाजूक बांध्याचा. तिथं महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. इथं एक गंमत सांगायला हवी. बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण आपल्याकडं मिशी काढायची ती आईबाप गेल्यावर. त्यांची समजूत काढता काढता फाळक्यांच्या नाकी नऊ आले. पुढं १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामं केली. एकच माणूस दोन्ही! लोकांनी ते डोक्यावर घेतलं. रोहिदासाचं काम केलं फाळक्यांच्या मुलानं, भालचंद्रानं.

सगळं मिळून सुमारे सात महिने लागले. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून मंडळींनी बाहेर सांगायचं, की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. २००९ मध्ये परेश मोकाशींनी याच नावाचा मराठी चित्रपट काढला, तो तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल. ३ मे १९१३ या दिवशी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. पुढं सुरतेला पहिल्या दिवशी म्हणे तीनच रुपये जमले. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचा, आणि तिकीट फक्त तीन आणे. लोक लोटले. आपला हिशेब याच्याशी ताडून बघा. ३,७०० फुटांना १६ नं गुणलं की ५९ हजार २०० चित्रं होतात. जाहिरातीतले फोटो उगीच फुगवलेले नव्हते. (दोन मैलांचं मात्र आम्ही बोलत नाही, तो दुकानदाराचा हिशेब.)

त्याच वर्षी फाळके मुंबई सोडून नाशिकला आले. इथं कारखाना मांडला. नट, सुतार, रंगारी, फिल्म धुणारे, सगळे एका ठिकाणी राहायचे आणि जेवायचे, एकत्र कुटुंबासारखं. एकत्र कुटुंब हा शब्द कानाला फार गोड. त्यात भाकऱ्या कोण थापतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

नाशिकात १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला आणि त्यात पहिल्यांदा बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची लेक कमला मोहिनी. याच पुढं कमलाबाई गोखले म्हणून नावाजल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लहान लेकीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत पोट भरणाऱ्या. लोकांनी बोलायचं ते बोलून झालं होतं. त्यांच्यापुढं जे काम होतं त्यात भाकरी होती आणि लेकीला सोबत ठेवता येत होतं. तेव्हा त्यांनी तोंडाला रंग लावला.

एक बाई पडद्यापुढं यायला नाही म्हणाली, दुसरी हो म्हणाली. कोण शहाणी? आम्हाला तरी दोघी शहाण्या वाटतात. दोघींनी आपली ताकद, आपली गरज आणि आपल्या मागं-पुढं कोण आहे ते बघून ठरवलं. आमच्या गटांतून उलटंच फार होतं. एका गावानं मसाला केला आणि पैसा मिळाला, की दहा गावं मसाल्यात. पुढच्या वर्षी कुक्कुटपालन, त्याच्या पुढच्या वर्षी कापडी पिशव्या. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत साठत जातात आणि शिलाई मशीनवर गोधड्यांचा ढीग. दोष एकट्या बाईचा नाही. योजना वरून येते, मार्च संपायच्या आत लाभार्थी पाहिजे असतात, आणि मग आम्हीच दारात येऊन सही मागतो.

चिकाटी म्हटलं की आपण एकाच गोष्टीला चिकटून राहणं समजतो. फाळक्यांकडं पाहिलं तर तसं दिसत नाही. सरकारी नोकरी सोडली, छापखाना सोडला. १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले, तिथं चित्रपटांचं कौतुक झालं, तिथंच राहून काम करायचं बोलावणं आलं, तेही सोडून परत आले. पहिलं महायुद्ध लागलं तसा पैशाचा ओघ आटला. तरी हे थांबले नाहीत, आणि ‘लंकादहन’ नं दिवस पालटले. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. त्यांच्याशीही पटेना. दादासाहेब राजीनामा देऊन कुटुंबासह काशीला गेले, तिथं ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच कंपनीत परतले. काशीचं प्रकरण आम्हाला फारसं पटत नाही. रागावून निघून जायला पुरुषाला जमतं. मागं मुलांची आवराआवर, बांधाबांध आणि परक्या गावात नवी चूल मांडणं ज्या बाईच्या वाट्याला आलं, तिला विचारलं असेल का? लिहिलेल्या इतिहासात त्याबद्दल काही सापडत नाही.

सगळं धरून एकोणीस वर्षांत सुमारे पंचाण्णव चित्रपट आणि पंचवीस-सव्वीस छोटे चित्रपट, एवढं काम या घरातून बाहेर पडलं. मग बोलपट आले आणि मूक चित्रपटांचा बाजार उठला. कोल्हापुरात काढलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा शेवटचा चित्रपट. पुढं दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढायला सरकारी परवानगी लागू लागली. म्हातारपणी त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच ते गेले. हातात पैसा फारसा राहिला नव्हता. एवढं करून शेवटी काय मिळालं, असं कोणी विचारलं तर पैशाच्या भाषेत उत्तर देता येत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९६९ पासून सरकार दादासाहेबांच्या नावानं चित्रपटातला सर्वांत मोठा पुरस्कार देतं. पहिला मिळाला देविका राणी या अभिनेत्रीला.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म चटकन पेट घ्यायची. ‘राजा हरिश्चंद्र’ चाही थोडाच भाग शिल्लक आहे. पण नाशिकात तयार झालेला १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचला आहे. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्या लेकीनं, मंदाकिनीनं केलं. यमुनेत उडी मारून कालियाशी झुंजणारा, गवळणींच्या घरात लोणी चोरणारा कृष्ण म्हणजे ही मुलगी. चित्रपट सुरू होतो तेव्हा आधी गोष्ट येत नाही. आधी मंदाकिनी एकटीच पडद्यावर येते आणि राग, हसू, रडू असे चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक करून दाखवते. मग तिचा कृष्ण होतो. त्याआधी पडद्यावर तिचं नाव लिहून येतं, आणि नावापुढं तिचं वय, सात वर्षं.